एलादिओ आमच्या गोलमागे बसला

आमच्या बंदरातल्या माणसाचं नाव माद्रिदच्या पेपरात चांगल्या कारणासाठी एकदाच छापून आलं, ते एलादिओ कागीगासचं. फुटबॉलमध्ये पुढच्या फळीत खेळायचा. दिसायला आडदांड, पण गोलासमोर मांजरासारखा. पुढे गुडघा कायमचा गेला, तसा तो आईच्या घरी परतला आणि दिवसभर बारमध्ये खिडकीशी बसू लागला. लोक त्याला वाईन पाजायचे आणि जुन्या गोलांच्या गोष्टी सांगायला लावायचे.

आम्ही मासळीच्या कारखान्यातल्या बायका. आठवडाभर अँकोव्हीचे बारके मासे साफ करून डब्यांत भरायचो आणि शनिवारी फुटबॉल खेळायचो. म्हणजे हरायचो. मी गोलकीपर, त्यामुळे हरण्यातला मोठा वाटा माझाच.

एक दिवस आमची कप्तान न्येवेस सरळ बारमध्ये शिरली.

"एलादिओ, एक तर आम्हाला शिकवायला ये, नाहीतर खुर्ची हलव. उजेड अडतोय."

"मला शिकवता येत नाही गं."

"आम्हाला खेळता येत नाही. जमलीच की जोडी!"

आला तो. पण शिकवणं म्हणजे काय, तर आमच्या पायातला चेंडू घ्यायचा, "हे असं!" म्हणायचं आणि माझ्या डोक्यावरून जाळ्यात ठोकायचा. शेवटी रमोना, आमच्यातली सगळ्यात थोरली, वैतागली.

"पोरा, तुझे गोल आम्ही टीव्हीवर पाहिलेत. आमचं काय ते बोल."

तो लालेलाल झाला आणि जाकीट तिथंच टाकून निघून गेला. आम्हाला वाटलं, संपलं.

पुढच्या सरावाला तो आला, मासळीचा एक खोका पालथा घातला आणि माझ्या गोलमागे बसला.

"तुला इथून काय दिसतं?"

"ढुंगणं," मी म्हणाले. "आमच्याच बायांची."

तो हसला नाही. "मग त्यांना ओरडून सांगत का नाहीस?"

"काय सांगू?"

त्यानं खोक्यावरूनच मैदानभर नजर फिरवली. मग म्हणाला, "मलाही माहीत नाही. जन्मभर पुढेच बघितलं मी. चेंडू माझ्यापर्यंत येतो कसा, हे मागे वळून कधी पाहिलंच नाही."

एवढा मोठा खेळाडू, आणि हे मला सांगत होता! त्या हिवाळ्यात, धो धो पावसातही, तो तिथंच बसला. कुणाला कधी हाक मारायची, कुणाला मागे बोलवायचं, हे आम्ही दोघं मिळून शिकलो. आधी आम्ही थोडक्यात हरू लागलो, मग बरोबरी, मग चक्क जिंकू लागलो.

वरच्या गटात जायचा सामना डोंगराकडच्या संघाशी होता. शेवटाला बरोबरी. न्येवेस एकटीच गोलासमोर पोचली.

"मार! अगं, मार!" एलादिओ रेषेवरून किंचाळला.

न्येवेसनं चेंडू डावीकडे, पुरा नावाच्या आमच्या दुसऱ्या खेळाडूला दिला. पुरानं आयुष्यात एक गोल केला नव्हता. तिनं डोळे मिटून लाथ घातली आणि चेंडू आत!

आम्ही सगळ्या पुराच्या अंगावर. एलादिओ मात्र डोकं धरून खाली बसलेला.

"अरे, जिंकलो आपण!" मी म्हणाले.

"कळलं. पण समोर गोल दिसत असताना चेंडू दुसरीला? कुणी शिकवलं हिला हे?"

"तूच."

"खोटं!" म्हणाला, आणि मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत सुटला.

पुढे एका मोठ्या क्लबनं त्याला नेलं. दोन हंगाम राहिला, तिथल्या जेवणाला नावं ठेवत परत आला. आता आमच्या मुलींना शिकवतो. मैदानाला त्याचं नाव द्यायचं गावानं ठरवलं, तेव्हा तो म्हणाला, "आधी मुलींच्या न्हाणीघरात गरम पाणी आणा."

पाणी आलंय. पाटी अजून रंगवायची आहे.