बगळ्याला हाकलणारा

मुरबाडच्या पुढे एका फार्महाऊसच्या परसात शेठने तळं बांधून रंगीत मासे सोडले होते. ते खायला रोज बगळा यायचा, म्हणून त्याला हाकलायला एक म्हातारा गडी ठेवला होता. हातात पत्र्याचा डबा आणि काठी. त्याचं नाव मी विचारलं नाही. आम्हा पक्षीमित्र संस्थेची पत्रकं वाटणाऱ्यांना पक्ष्यांची नावं मात्र पाठ असतात.

बगळा उतरला की तो बिडी विझवायचा, डबा मांडीवर घ्यायचा आणि थांबायचा. बगळ्याने एक मासा गिळला की मगच डबा वाजवायचा.

"एक तरी खाऊ द्या ओ त्याला," तो म्हणाला. "शेठला नाय कळत. इथं माझं शेत होतं तवा चिखलणीला हा माझ्या नांगरामागनं चालायचा. आता मी ह्याच्या मागं धावतो."

एवढं ऐकूनही मी शेठशी भांडलो. डबे बडवून पक्ष्यांना पळवणं हा छळ आहे, बंद करा, नाहीतर पत्रकात छापतो. शेठ शांतपणे म्हणाला, "बरोबर आहे तुमचं."

पुढच्या रविवारी तळ्यावर नायलॉनची जाळी ताणलेली होती. बगळा काठावर उभा होता आणि त्याला कुणी हाकलत नव्हतं. म्हातारा फाटकाबाहेर बसला होता. त्याला कामावरून काढलं होतं.

"डबा पन ठेवून घेतला त्यांनी," तो म्हणाला. "माझ्या घरचा होता."

आमच्या पत्रकात हे यश म्हणून छापून आलं. मजकूर माझाच होता.