धडा संपला, माणूस वरच

आबा माणसाशी बोलताना त्याच्या डोक्याच्या हातभर वर बघायचे. पहिल्या भेटीत मला वाटलं, माझ्या केसांत काहीतरी अडकलंय. मी दोनदा चाचपून बघितलं, तिसऱ्यांदा खिशातून फणी काढली. तेव्हा आमचा शिपाई म्हणाला, "सर, ते सगळ्यांशीच तसं बोलतात. उभा जन्म खांबावरच्या माणसाशी बोलण्यात गेला ना." आवाजही तसाच. शेजारी बसून मीठ मागितलं तरी समोरच्या इमारतीतला माणूस मीठ घेऊन येईल, असा.

जळगावच्या बाहेर, महामार्गाला लागून, ठेकेदारांकडे कामाला लागणाऱ्या वायरमन पोरांना शिकवणारी आमची एक छोटी संस्था आहे. आबा तिथले जुने प्रशिक्षक. मूळचे धरणगावकडचे, मधूनच अहिराणीत शिरणारे. मी तिथला संगणकवाला, म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला की ज्याला हाक मारतात तो. संस्थेने डोळ्यांवर यंत्र चढवून दिसणाऱ्या आभासी खांबाचं प्रशिक्षण आणायचं ठरवलं, आणि "तुम्हाला इंग्रजी येतं" एवढ्या पात्रतेवर ते माझ्या गळ्यात पडलं.

त्या यंत्राला आबांनी बघताक्षणी नाव दिलं: तोबरा. घोड्याच्या तोंडाला दाण्याची पिशवी बांधतात, तो. "बांधा भाऊ मला तुमचा तोबरा," असं म्हणून ते मान पुढे करायचे. आठवड्याभरात सगळी संस्था तोबरा म्हणू लागली. उद्घाटनाच्या भाषणात माझ्या तोंडूनही तेच गेलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी तो चढवून प्रात्यक्षिक दाखवायला गेलो आणि प्रमुख पाहुणे समजून कुलरला वाकून नमस्कार केला. आबा मागून ओरडले, "भाऊ, त्यात पाणी टाका आधी, मग पाया पडा!"

आबांच्या वर्गात एक रिवाज होता. खांबावर चढणाऱ्याने चप्पल काढायची, रबरी बूट घालायचे आणि ती चप्पल खाली उभ्या असलेल्या जोडीदाराच्या हातात द्यायची. जमिनीवर ठेवायची नाही. वरचा उतरेपर्यंत ती धरून उभं राहायचं. पोरं नाक मुरडायची. आबा म्हणायचे, "दुसऱ्याची चप्पल हातात असली की माणूस मोबाइल काढत नाही, विडी काढत नाही, लांब जात नाही. लाजेनं का होईना, जागेवर राहतो."

पुण्याच्या ज्या मंडळींनी आमचा आभासी धडा बनवला, त्यांना जोडीदारासाठी एक चेहरा हवा होता. आबांनी एक जुना गटफोटो आणला आणि त्यातल्या एका तरुणावर बोट ठेवलं. दाट केस, हसरा, एक दात दुसऱ्यावर चढलेला. "हा घ्या." मी लगेच माझी हुशारी दाखवली, "आबा, तरुणपणी देखणे होतात की हो!" आबा माझ्या डोक्याच्या वर बघत म्हणाले, "हां. देखणा होता."

ते आबा नव्हते, त्यांचा जुना जोडीदार रशीद होता, हे मला धडा तयार होऊन आल्यावर कळलं.

धडा असा होता. तुम्ही खाली उभे. जोडीदार चढणार. वीज केंद्रातून लाइन बंद झाल्याचा निरोप आलेला. तरीही तुम्ही आधी तारांवर अर्थिंगची साखळी टाकायची, म्हणजे चुकून कुठून वीज आलीच तर ती जमिनीत उतरते. साखळी टाकली तर जोडीदार वर जाऊन काम करतो आणि हिरव्या पाटीवर 'शाब्बास' येतं. नाही टाकली तर कुठल्यातरी जनरेटरमधून उलटी वीज येते, आणि पुढचं पोरांना दाखवताना मी दर वेळी खिडकीबाहेर बघत असे.

हा प्रसंग आबांनीच सांगितलेला होता. मला तो शिकवण्यासाठी रचलेला वाटला. एकदा चहा पिताना मी गमतीत विचारलं, "आबा, त्या दिवशी खाली कोण गाढव उभं होतं?"

"मी," आबा म्हणाले. बशीतला चहा संपवला आणि पुढे म्हणाले, "अंधार पडायच्या आत घरी जायचं होतं. मीच म्हटलं, चढ रे रशीद, लाइन बंद शे. बर्फाच्या कारखान्यात जनरेटर चालू होता, ते कुठं माहीत? त्याची चप्पल माझ्या हातातच राहिली."

मी बिस्किटाचा पुडा पुढे केला. आबांनी एक घेतलं, माझी सोय व्हावी म्हणून.

त्यानंतर माझ्या लक्षात यायला लागलं. जेवणाच्या सुट्टीत पोरं डबे सोडायची तेव्हा आबा एकटे तोबरा चढवून उभे असायचे. साखळी टाकायचे, अचूक. रशीद चढायचा. हिरवी पाटी यायची. आबा यंत्र काढून पुन्हा पहिल्यापासून लावायचे. शेवटी एकदा त्यांनी मला हाक मारली.

"भाऊ, हा खाली कव्हय उतरस?"

"कोण?"

"रशीद. मी बठ्ठं बरोबर करतो, शाब्बास म्हणतं तुमचं यंत्र, आणि दिवा विझतो. हा खाली कधी येतो?"

"आबा, धडा तिथेच संपतो."

"धडा सरना, पन मानूस वरच शे ना!"

मी पुण्याला फोन केला. ते म्हणाले, उतरण्यात शिकण्यासारखं काही नाही. ऐकायला रास्त होतं, पण मला आबांसमोर जाऊन ते म्हणवेना. मग रशीदला खाली कसं आणायचं, ते मीच शिकायला बसलो. माझ्या हातून पहिल्यांदा उतरला तो रशीद डोकं खाली करून, वटवाघळासारखा. दुसऱ्यांदा सरळ आला, पण थांबलाच नाही. कमरेपर्यंत जमिनीत गेला आणि तिथून हसत राहिला. आबांच्या निवृत्तीचा दिवस तोंडावर आला होता. मला त्यांची घाई कळत होती. रिकाम्या खोलीतलं हे यंत्र सोडून रशीदला भेटायची दुसरी जागा त्यांच्यापाशी नव्हती. शेवटी पुण्याच्या त्या मंडळींतल्या एका मुलीला दया आली. तिने सुट्टीत बसून मला ते उतरणं करून दिलं.

निरोपाचा नारळ, शाल झाल्यावर आम्ही दोघंच त्या खोलीत गेलो. मी बाजूच्या पडद्यावर बघत होतो. साखळी पडली. रशीद चढला, काम केलं. पाटी आली, गेली. मग तो एकेक पाय टेकत उतरला, आबांच्या समोर उभा राहिला. आबांनी दोन्ही हात पुढे केले, धरलेली चप्पल परत द्यावी तसे. रशीद श्वास घेत होता, पापण्या मिटत होता, हसत होता. त्याला बोलायला काही लिहिलेलंच नव्हतं. आमच्यापैकी कुणालाही ते सुचलं नव्हतं.

"रशीद," आबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात. "येवढा येळ लाया रे भाऊ."

बऱ्याच वेळाने त्यांनी तोबरा उतरवला. डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. "त्यानी माले वळखं नही," म्हणाले. "बरोबरच शे. तो तसाच ऱ्हायना, मी म्हातारा व्हई गऊ." दारात थांबून म्हणाले, "ते उतरणं धड्यात राहू द्या, भाऊ. पोरांना थांबायची सवय लागेल."

ते धुळ्याला लेकीकडे गेले आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथेच वारले. पोरं कुरकुर करतात, की पाटी आल्यावरही ताटकळत उभं का राहायचं. वरिष्ठांनी एकदा तेवढा भाग कापायला सांगितला. मी म्हटलं, मला जमत नाही. माझ्याबद्दल कुणालाही ते सहज पटलं.

धुळ्याहून बातमी आली त्या दुपारी मी खोलीचं दार लावून तोबरा चढवला. साखळी टाकली. रशीद वर गेला, उतरला, समोर येऊन उभा राहिला. मी म्हणालो, "रशीदभाई, आबा गेले." तो हसत होता, पापण्या मिटत होता. मला ते यंत्र काढता येईना. कारण काढलं, की धडा सुरुवातीला जातो, आणि हा पुन्हा चढायला निघतो.