गुलाम रसूलचं उलटं हृदय

कल्पना करा, तुम्हाला काचेच्या मागून पाटी रंगवायची आहे. अक्षरं उलटी काढायची. आधी अक्षरावरची चमक, मग अक्षर, आणि मागचा रंग सगळ्यात शेवटी. एक चूक झाली की सगळं खरवडा! मलकापूरचा गुलाम रसूल पेंटर वीस वर्षं हेच करत होता.

१९६३ साली विज्ञानाचे शेषराव मास्तर त्याच्याकडे पुस्तक घेऊन आले. शाळेतला हृदयाचा तक्ता वाळवीनं खाल्ला होता.

"काचेवर काढ. जमलं तर डोळा, कान, फुप्फुस, सगळं तुलेच."

गुलाम रसूल चित्राकडे पाहतच राहिला. नळ्यांची ती वळणं, पाकळ्यांसारख्या झडपा, त्यांना ताणून धरणारे बारीक दोरे! जन्मभर अडत्यांची नावं रंगवली, असलं काही कधी नाही. डोळा आणि कान तर त्याला आत्ताच हवे होते.

पण 'डावा कप्पा' असं लिहिलेला भाग चित्रात उजवीकडे होता. छापणाऱ्यानं उलटं छापलं, हे त्याच्याशिवाय कुणाला कळणार? त्यानं ते सरळ करून टाकलं.

मास्तरांनी काच पाहून कपाळाला हात लावला. "अबे, हा मानूस तुह्यासमोर उभा हाय! त्याचा डावा हात तुह्या कोन्त्या बाजूले येते?"

"मंग मानूस काऊन नाही काढला चित्रात?"

"राहू दे. बाकीचे तक्ते मी दुसऱ्याले देतो."

"दोन दिवस द्या, मास्तर!"

तो थेट खाटकाकडं गेला आणि बकऱ्याचं हृदय घेऊन आला. बायको अजीजुन्निसा म्हणाली, "सालन पकाना है का स्कूल भराना है?"

त्यानं ते समोरच्या माणसाच्या छातीत असावं तसं धरलं आणि चिरलं. पुस्तकातल्या डाव्या कप्प्यासारखा जाड भिंतीचा कप्पा उजव्या हाताला आला. पुस्तक बरोबर! आत, झडपेला लागून, पांढरे दोरे. सुईनं ओढले तसे ताणले गेले.

"अगे देख! दोरे सच्ची में हैत!"

त्यानं अख्खी काच ब्लेडनं खरवडली आणि पुन्हा पहिल्या रेघेपासून सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशी मास्तरांनी काचेवरचा एकेक कप्पा पुस्तकाशी ताडून पाहिला. मग त्यांनी पुस्तकात डोळ्याचं पान उघडून त्याच्यापुढं ठेवलं.

गुलाम रसूलला हसू आवरेना. पण त्याचं बोट काचेवरच्या, पुस्तकात होतं तसंच निळं रंगवलेल्या अर्ध्या हृदयावर होतं.

"मास्तर, बकऱ्यात म्या लाल पाह्यलं, काळपट लाल पाह्यलं. निळं कुठंच नव्हतं. मंग पहिल्यांदा हे निळं कोन्या पेंटरनं रंगवलं असंल?"