डिकीतला दगड

आबांच्या जुन्या गाडीच्या डिकीत एक काळा दगड असायचा. हँडब्रेक नावापुरता आणि पहिला गियर निसटणारा, त्यामुळे चढावर थांबायची वेळ आली की आबा ब्रेकवर पाय रोवून ओरडायचे, "दगड!" मग मी पटकन उतरायचं, डिकीतून दगड काढायचा आणि मागच्या चाकाला लावायचा. शाळेत होते तेव्हापासून हे काम माझं. "लावला!" म्हणून ओरडले तरी ते पाय उचलायचे नाहीत. त्यांच्या खिडकीशी जाऊन उभं राहावं लागायचं. मला भारी राग यायचा. बापाचा आपल्यावर एवढाही विश्वास नसावा? दुसऱ्यांच्या गाड्यांना लिंबू-मिरची टांगलेली असे. आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता. आमचा भरवसा दगडावर.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर तर गाडी म्हणजे आबांचा जीव की प्राण झाली. दर हिवाळ्यात हौशी गाडीवाल्यांची फेरी तळेगावहून लोणावळ्याला निघते. जुन्या गाड्या पुढे, महागड्या स्पोर्ट्स कार मागे, आणि शेवटी कुरवंड्याचा चढ. आबांचा उजवा गुडघा पार कामातून गेला होता. मला झोपेतही एकच धास्ती, की ब्रेकवरचा हा पाय एक दिवस दगा देणार. "आबा, गाडी मी चालवते," म्हटलं की उत्तर ठरलेलं. "तू दगडाचं बग."

या हट्टाला एक कारण होतं. पुण्याचा एक लाल स्पोर्ट्स कारवाला दरवर्षी आबांना चिडवायचा. आबाही कमी नव्हते, जमिनीला टेकलेल्या त्याच्या बुटक्या गाडीला 'पाट' म्हणायचे. मागच्या वर्षी त्याने आमच्या डिकीत डोकावून विचारलं, "काका, हा स्पेअर पार्ट का?" सगळे खो खो हसले. आबाही हसले, पण डिकी जरा जोरातच आपटली.

यंदा लाल गाडी नेमकी आमच्या मागे. सारखा हॉर्न. आबा हट्टाने गाडी दामटत होते आणि इंजिनचा जळका वास येत होता. कुरवंड्याच्या चढावर, अगदी उभ्या वळणावर, गाडी तापून बंद पडली.

"दगड!"

मी धावत जाऊन डिकी उघडली. आत नवीकोरी चटई अंथरलेली. दगड नव्हता.

"आबा, दगड कुठंय?"

"घरी हाय," आबा मान न वळवता म्हणाले. "मीच काढून ठेवला. लोकं हसत्यात."

असा संताप आला! पण संतापायला वेळ कुठे होता? त्यांचा गुडघा थरथरताना मागून दिसत नव्हता, गाडी मात्र कणाकणाने मागे सरकताना दिसत होती. रस्ता नवा, सिमेंटचा, झाडून काढल्यासारखा. दगड सगळे कठड्यापलीकडे. मी कठड्यावर चढले आणि मागे पाहिलं, तर लाल गाडी सावकाश पुढे येत होती.

"काका, पाय सोडा! मी टेकवतोय," तो खिडकीतून ओरडला.

"न्हाई सोडत! रंग जाईल तुजा!"

"जाऊ द्या हो!"

आमचा लोखंडी बंपर त्याच्या गाडीच्या नाकावर टेकला. काहीतरी कडकन मोडलं. तो ब्रेक दाबून तसाच बसून राहिला, मी दगड आणून चाकाला लावेपर्यंत. उतरल्यावर त्याने मोडलेल्या नाकाकडे पाहिलंसुद्धा नाही. आबांना हाताला धरून उतरवलं आणि म्हणाला, "काका, तो दगड आणत जा." यावेळी कोणी हसलं नाही. आबा ओशाळून त्याच्या गाडीवरून हात फिरवत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी दगड डिकीत ठेवला आणि किल्ली माझ्यापुढे धरली. "आता तू चालव. दगड मी लावतो."

मला वाटलं, सुटले.

पुढच्याच रविवारी बेडशाची लेणी पाहायला निघालो. वाटेतल्या चढावर इंजिन बंद पडलं. मी ब्रेकवर पाय रोवला आणि तोंडातून आपोआप शब्द गेला, "दगड!" आबा कण्हत उतरले आणि गाडीमागे गेले. आरशात नुसती उघडी डिकी दिसत होती. आबा दिसत नव्हते. चाकामागे वाकलेला तो म्हातारा जीव आणि मी, मध्ये फक्त माझा एक पाय. पोटरीत गोळा आला.

"लावला गं!" मागून आवाज आला.

मी पाय उचलला नाही. आबा लंगडत माझ्या खिडकीशी येऊन उभे राहीपर्यंत उचलला नाही.