म्हशीचं दावं

भिजल्या कागदाचा वास आला की मला म्हापुराचं साल आठवतं. तवा आठवीतल्या नातीकडं जपानी चित्रांचं पुस्तक होतं, मागनं पुढं वाचायचं. "आज्जी, ह्या शाळंत लोकांना वाचवायला शिकवत्यात. सगळ्यात कमी ताकदीची पोरगीच आधी मदतीला पळती." मी म्हटलं, "मग अभ्यास कवा करती गं?" त्याच दिवशी नदीचं पाणी घरात शिरलं, आमी माळ्यावर चढलो आणि म्हस गोठ्यात बांधलेलीच ऱ्हायली. तसं मी बोलून गेलो. पोरगी दावं कापाय इळा घिऊन गपचिप खाली उतरली. पाणी तिच्या गळ्याला लागलं. लई येळानं म्हस पवत भायेर आली, शेपूट धरून मागनं पोरगी. मी रागावलो न्हाय, तिचं केस पुसलं. आता तिनं बचाव पथकात नाव घातलंय. नदी चढाय लागली की तिच्या चपला दारात हायत का, त्ये मी आधी बघतो.