क्लिफर्ड थ्रेलफॉलचं हिरवं मत

हॅगथॉर्पच्या मेथडिस्ट हॉलमध्ये मतदान सकाळी सातला सुरू होतं आणि क्लिफर्ड थ्रेलफॉल पावणेसातला दारात हजर असतो. एका हातात बॅटरी, कोटाच्या खिशात खोडरबर, आतल्या खिशात हिरव्या शाईचं फाउंटन पेन. गेली बावीस वर्षं यात बदल नाही. कोट बदलला, तोही एकदाच.

मतपेटी सील करण्याआधी ती रिकामी असल्याचं हजर माणसांना दाखवावं, असा नियम आहे. एरवी त्या वेळी हजर कोणी नसतं. शेजारच्या गावांत केंद्राध्यक्ष आपल्याच कारकुनाला पेटी दाखवतात, कारकून जांभई देतो आणि सील लागतं. हॅगथॉर्पच्या केंद्राध्यक्ष जॅनिस ऑर्मरॉड यांच्या नशिबी मात्र क्लिफर्ड आहे. तो पेटीत मान घालतो, बॅटरी मारतो आणि चारही कोपरे बघतो. एका वर्षी तळाला मेलेला पतंग निघाला होता. क्लिफर्डचं म्हणणं, याची नोंद व्हायला हवी.

"पतंगाला मत नसतं, क्लिफर्ड," जॅनिस म्हणाली.

"माझा मुद्दा तो नाही. तो आत गेला कसा?"

जॅनिस एरवी शाळेच्या ऑफिसात काम करते आणि क्लिफर्डच्या भिंतीला भिंत लागून राहते. म्हणजे वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस तो तिच्या कुंपणाची उंची मोजतो आणि उरलेल्या एका दिवशी तिची पेटी तपासतो.

या माणसाचा स्वभाव उपजतच असा होता की नोकरीने झाला, यावर गावात दोन मतं आहेत. क्लिफर्ड वजनमापं खात्यात निरीक्षक होता. एकतीस वर्षं तो खाटकांचे तराजू, पेट्रोलचे पंप आणि पबमधले बिअरचे ग्लास तपासत हिंडला. फेस किती आणि बिअर किती, हे तो पट्टी लावून सांगायचा. एकतीस वर्षांत त्याने कशावरही विश्वास ठेवला नाही, आणि त्याबद्दल सरकारने त्याला घड्याळ देऊन निरोप दिला. ते घड्याळही तो रोज रेडिओशी ताडून बघतो.

हिरवी शाई ही खात्याची. कारकुनांची निळी, दुकानदारांची काळी आणि निरीक्षकाची हिरवी. निवृत्त झाल्यावर त्याने बिल्ला परत केला. शाई परत मागायचं कोणाला सुचलं नाही.

"लग्नात पाद्र्याने विचारलं, कोणाची हरकत आहे का," त्याची बायको ब्रेंडा सांगते. "तेव्हा हा मागे वळून बघत होता. मागच्या बाकांपर्यंत ऐकू गेलं की नाही म्हणून."

त्याचा खरा राग होता तो मतदानाच्या पेन्सिलीवर. आडोशाच्या फळीला सुतळीने बांधलेली बोटभर पेन्सिल, तिने चौकटीत फुली मारायची. ज्या देशात दुधाच्या बाटलीवरचा आकडा पुसला गेला तर दंड होतो, त्या देशात सरकार निवडायचं ते खोडता येईल अशा फुलीने, हे क्लिफर्डला पटत नव्हतं. दर वर्षी तो जॅनिसच्या टेबलावर कागदाच्या चिटोऱ्यावर पेन्सिलने फुली मारायचा, खोडरबर काढायचा आणि ती खोडून दाखवायचा.

"बघ. गेली."

"गेली खरी," जॅनिस म्हणायची. "आता मला सांग, हॅगथॉर्पची बाराशे मतं खोडायला किती माणसं लागतील? मला पेटी गाडीत ठेवायला एक माणूस मिळत नाही."

"तू पेन का ठेवत नाहीस?"

"पेन गळतं, शाई फासते. पेन्सिल गळत नाही. आणि तुला तुझं पेन वापरायला कोणी मनाई केलीय? नियमात दोन्ही चालतं. जा आणि मार फुली, तुझ्यामागे श्रीमती हॅलम कुत्रा घेऊन उभ्या आहेत आणि कुत्र्याला घाई आहे."

त्याच्याकडे एक फाइल होती. तिच्यात बावीस वर्षांचे निकाल चिकटवलेले होते आणि प्रत्येक निकालाखाली एक ओळ हिरव्या शाईने अधोरेखित केलेली. 'कोणाला मत दिले हे स्पष्ट नसल्याने बाद.' आकडा कधी तीन, कधी दोन, पण एकाच्या खाली कधीच नाही. या एका मतावर क्लिफर्डने स्थानिक परिषदेला नऊ पत्रं लिहिली होती. "एक तर या गावात एक पक्का मूर्ख राहतो," तो म्हणायचा, "नाही तर एक चोर. आणि मी दोघांनाही शोधून काढणार."

यंदा गोष्ट वेगळी होती, कारण यंदा ब्रेंडा स्वतः उभी होती.

गावाचा जुना पोहण्याचा तलाव बंद करून तिथे गाड्या लावायची जागा करायचा परिषदेचा बेत होता. त्या तलावात ब्रेंडाने तेहतीस वर्षं पोरं पोहायला शिकवली. काठावर लांब बांबू घेऊन उभी राहायची. बुडणाऱ्याला बांबू द्यायची आणि नुसतं बुडाल्याचं नाटक करणाऱ्याला बांबूचा फटका. अर्ध्या गावाने तो बांबू या ना त्या कारणाने चाखलेला आहे. परिषदेत तलावाच्या बाजूचे आणि विरोधातले सारखेच होते आणि पारडं कुठे झुकणार हे हॅगथॉर्पची एक जागा ठरवणार होती. त्या जागेवर सोळा वर्षं नायजल पिकर्सगिल बसले होते. त्यांचा धंदा घरं विकण्याचा, त्यामुळे 'बंद' हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. ते 'पुढचा टप्पा' म्हणत.

ब्रेंडा हरली तर तलाव गेला, इतका सरळ हिशेब होता.

क्लिफर्डने मदत केली, आपल्या पद्धतीने. 'सारं गाव तलावाच्या पाठीशी' असं पत्रक ब्रेंडाने छापायला काढलं, त्यावर त्याने दुरुस्ती सुचवली, 'विचारलेल्यांपैकी बरेच जण'.

"क्लिफ, मी निवडणूक लढवतेय. लोणी विकत नाही."

"लोणी असतं तर मी खटलाच भरला असता."

मतदानाच्या दिवशी पावणेसातला पेटी तपासून झाली. सातला दार उघडलं. आता नवा नियम आला आहे, फोटोचं ओळखपत्र दाखवायचं. क्लिफर्डने आपला म्हाताऱ्यांचा बसपास जॅनिससमोर धरला. तिने एक नजर टाकली आणि परत केला.

"बस? एवढंच बघितलंस?"

"चाळीस वर्षं भिंतीपलीकडून तुझं खोकणं ऐकतेय. आणखी काय बघू?"

"फोटोत मिशी आहे. आता नाही."

"मग तू तो नाहीस असं म्हणतोस का? तसं असेल तर घरी जा, माझी काही हरकत नाही."

क्लिफर्डने बसपास खिशात घातला आणि आडोशात गेला. कागदावर दोनच नावं. वर पिकर्सगिल, खाली थ्रेलफॉल. पेन्सिलीकडे त्याने बघितलंही नाही. पेन उघडलं, बायकोच्या नावापुढे फुली मारली. बायकोचं नाव, म्हणून पेन पुन्हा त्याच रेघांवरून एकदा फिरवलं, चांगलं दाबून. शेजारच्या आडोशात कोणी डोकावू नये म्हणून कागदाची लगेच मधोमध घडी घातली, वरून अंगठा फिरवला आणि पेटीत टाकली. बाहेर आल्यावर ब्रेंडाला म्हणाला, "तुझं एक मत पक्कं. हलणार नाही असं."

मोजणी दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, माध्यमिक शाळेच्या जिमखान्यात. ब्रेंडाने त्याला आपला मोजणी प्रतिनिधी नेमलं होतं. दुसरं कोणी नेमलं असतं तर हा बाहेर खिडकीला नाक लावून उभा राहिला असता, म्हणून.

निवडणूक अधिकारी मिसेस ड्यूहर्स्ट. चष्मा साखळीला, आवाज एकाच पट्टीत. मतपत्रिकांचे गठ्ठे झाले, शंकेची मतं बाजूला निघाली. ती शेवटी टेबलावर आली, दोन्ही बाजूंसमोर एकेक उचलून निकाल द्यायचा. पहिल्यावर कोणीतरी 'दोघंही नको' लिहिलं होतं, ते बाद. दुसऱ्यावर ठसठशीत फुली पिकर्सगिल यांच्या नावापुढे होती, पण ब्रेंडाच्या चौकटीतही एक फिकट डाग होता.

"मला यात मतदाराचा हेतू स्पष्ट दिसतो," मिसेस ड्यूहर्स्ट म्हणाल्या.

"मला दिसत नाही," क्लिफर्ड म्हणाला. "दोन चौकटी, दोन खुणा. तराजूचा काटा हलत असेल तर मी तो तराजू पास करत नाही."

"हा चहाचा डाग आहे," पिकर्सगिल म्हणाले.

"असेल. चहा प्यायला मतदान केंद्र हे हॉटेल नव्हतं. शंका असेल तर बाद, हा नियम एकदा ठरवा आणि सगळ्यांना सारखा लावा."

मिसेस ड्यूहर्स्ट यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कागद उजेडासमोर दोनदा धरला. "ठीक आहे, मिस्टर थ्रेलफॉल. बाद. आणि सगळ्यांना सारखा."

क्लिफर्डने ब्रेंडाकडे विजयी नजर टाकली. ब्रेंडाने आकडे लिहिलेला कागद त्याच्यासमोर सरकवला. पिकर्सगिल सहाशे अकरा, थ्रेलफॉल सहाशे अकरा. आणि शंकेच्या मतांतलं शेवटचं एक उरलं होतं.

मिसेस ड्यूहर्स्ट यांनी ते उचलून समोर धरलं.

मधोमध घडी. घडीच्या वर एक फुली, घडीच्या खाली एक फुली. ओली शाई दाबून घडी घातल्यामुळे खालची वर उमटली होती, की वरची खाली, ते सांगणं कठीण. दुसरी कुठलीही खूण असती तर उलटी उमटलेली कळली असती. फुली उलटी केली तरी फुलीच राहते. आणि दोन्ही फुल्या होत्या हिरव्या.

हॅगथॉर्पमध्ये हिरव्या शाईने कोण लिहितं, हे त्या जिमखान्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. गावच्या साप्ताहिकाच्या संपादकाला माहीत होतं, परिषदेच्या टपाल विभागाला नऊ पत्रांमुळे माहीत होतं. पण मत गुप्त असतं. त्यामुळे सगळ्यांना माहीत असलेली ती गोष्ट तिथे कोणालाच माहीत नव्हती. पेटी पोचवून चहा प्यायला थांबलेली जॅनिस दोरीपलीकडे उभी राहून छताकडे बघू लागली.

"खालची गडद आहे," क्लिफर्ड म्हणाला. "जरा गडद आहे."

"मला दोन्ही सारख्याच वाटतात," पिकर्सगिल म्हणाले. "पण कोणत्या मूर्खाने हे केलं असेल, त्यालाच विचारता आलं तर बरं होईल. नाही का, क्लिफर्ड?"

क्लिफर्डने तोंड उघडलं. हे मत माझं, असं म्हणावं, तर गुप्ततेचा नियम त्यानेच परिषदेला चार वेळा कळवलेला. म्हणू नये, तर बायको हरते आणि तलाव जातो. आणि त्या दोन्हींच्या मागे, हळूहळू, फाइलमधली बावीस वर्षं त्याच्या डोळ्यांसमोरून जायला लागली. एकाच्या खाली कधीच न गेलेला आकडा. दर वर्षी तेच पेन, तीच घडी, तोच अंगठा. मूर्ख आणि चोर, दोघांना शोधून काढणार होता. निम्मं काम झालं होतं.

"मिस्टर थ्रेलफॉल," मिसेस ड्यूहर्स्ट म्हणाल्या, "तुमचं म्हणणं?"

त्याने ब्रेंडाकडे पाहिलं. ती काठावर उभी असल्यासारखी सरळ उभी होती. फक्त हातात बांबू नव्हता.

"काटा हलतोय," क्लिफर्ड म्हणाला. "बाद करा."

पुन्हा मोजणी झाली, पुन्हा सहाशे अकरा आणि सहाशे अकरा. बरोबरी झाली की चिठ्ठ्या टाकायच्या, असा कायदा आहे. शाळेच्या शिक्षकांच्या खोलीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला गेला. मिसेस ड्यूहर्स्ट यांनी एकाच कागदाचे दोन सारखे तुकडे केले आणि पर्स चाचपली.

"पेन आहे कोणाकडे?"

क्लिफर्डचा हात सवयीने आतल्या खिशाकडे गेला. ब्रेंडाने नुसतं बघितलं. हात तिथून निघाला, जिमखान्याच्या गुणफलकाजवळ गेला आणि तिथली सुतळीला बांधलेली पेन्सिल सोडवून घेऊन आला.

"हिने लिहा," तो म्हणाला. "फासत नाही."

डब्यात कोणी डोकावलं नाही. क्लिफर्डनेही नाही. मिसेस ड्यूहर्स्ट यांनी डोळे मिटून हात घातला, चिठ्ठी उघडली आणि त्याच एका पट्टीत वाचलं, "ब्रेंडा थ्रेलफॉल."

टाळ्या वाजल्या. जॅनिसच्या कपातला चहा सांडला. पिकर्सगिल मात्र जागेवरून हलले नाहीत. सोळा वर्षं कोणत्याही पेटीत कधी न डोकावलेला हा माणूस पुढे झाला आणि म्हणाला, "दुसरी चिठ्ठी दाखवा बघू. आणि ही नावं पेन्सिलने का लिहिलीत?"

"नियमात दोन्ही चालतं," क्लिफर्ड म्हणाला. हे वाक्य इतकी वर्षं कोणाकडून ऐकलं, ते आठवून त्याने जॅनिसकडे बघायचं टाळलं.

घरी जाताना गाडी ब्रेंडा चालवत होती. तलावावरून गाडी गेली तेव्हा म्हणाली, "बावीस वर्षं, क्लिफ?"

"सगळीच नसतील. काही वर्षी मी ओली शाई टिपायला टिपकागद नेला होता."

"किती?"

"दोन," तो म्हणाला. मग जरा वेळाने, तो वजनमापांचाच माणूस, म्हणाला, "एक."

सप्टेंबरात परिषदेत एका मताने तलाव वाचला. ते मत हात वर करून दिलं होतं. क्लिफर्डने गॅलरीतून हात मोजले, एकदाच.

पुढच्या मे महिन्यात परगण्याची निवडणूक होती. जॅनिसने पावणेसातला हॉलचं दार उघडलं तर पायरीवर दोघे जण उभे. क्लिफर्डच्या हातात बॅटरी होतीच, पण वरच्या खिशात घरून टोक काढून आणलेली पेन्सिल होती. त्याच्या शेजारी नायजल पिकर्सगिल. त्यांच्याकडेही बॅटरी, नवी कोरी. आणि खिशाला फाउंटन पेन.

जॅनिसने दोघांना आपादमस्तक पाहिलं.

"पेटी एकच आहे," ती म्हणाली. "डोकी आळीपाळीने घाला."

पिकर्सगिल आधी वाकले. क्लिफर्ड मागे उभा राहून त्यांच्या खिशातल्या पेनाकडे बघत होता. ते पेन कोणाच्या नावापुढे फुली मारणार, हे त्याला ठाऊक होतं, आणि ते नाव त्याला मुळीच पसंत नव्हतं. मग त्याने कोटाच्या खिशात हात घातला, चार घड्या घातलेला टिपकागद काढला आणि पिकर्सगिल वर आल्यावर त्यांच्या हातात ठेवला.

"हे कशाला?" पिकर्सगिल संशयाने म्हणाले, आणि कागद उलटा करून बघू लागले.