आतोबांची पाळी

पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मी वर्गात शिकवते, तेव्हा आमचे आतोबा ऐकायला नसतात हे बरंच आहे, नाहीतर त्यांनी मला भर वर्गात खोटं पाडलं असतं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सोलापूरच्या एका कापडगिरणीत ते विणकर होते, आणि त्यांच्या मते पृथ्वी फिरायची ती गिरणीच्या भोंग्याभोवती. एक आठवडा पहिली पाळी, पुढचा आठवडा दुसरी, मग रातपाळी, की पुन्हा पहिली. सूर्य, चंद्र, पंचांग आणि सरकार यांनी त्याप्रमाणे आपापलं जमवून घ्यावं, एवढीच त्यांची माफक अपेक्षा. सत्तरच्या दशकात मी शिक्षिकेच्या अभ्यासक्रमासाठी त्यांच्याकडे राहायला गेले. पहिल्याच दिवशी संध्याकाळी, लोक मंडईतून भाजी घेऊन परतत असताना, हा माणूस ओट्यावर बसून राखुंडीनं दात घासताना दिसला. मला बघून तोंडातली राखुंडी सांभाळत ते म्हणाले, "आलीस व्हय? लई सकाळी निघालीस की!"

त्यांचा 'आज' ते उठले की सुरू व्हायचा आणि झोपून उठल्याशिवाय 'उद्या' काही उजाडत नसे. त्यामुळे घरात दोन दिनदर्शिका चालत, एक भिंतीवरची आणि एक आतोबांची. आत्या मधे उभी राहून दुभाष्याचं काम करी. "काल पाणी आलं नव्हतं," असं ते म्हणाले की ती विचारायची, "माझ्या काल का तुमच्या काल?" एकादशीला तर मजाच. रातपाळीहून आले की सगळ्यांची एकादशी म्हणून साबुदाण्याची खिचडी खात, मग झोपत, आणि दिवेलागणीला उठून म्हणत, "आज एकादशी न्हवं?" की पुन्हा खिचडी. मी एकदा हळूच आठवण करून दिली, तर म्हणाले, "ती लोकांची हुती. ही माझी." असा दुप्पट उपवास करून त्यांनी किती पुण्य जोडलं कोण जाणे, पण पोट मात्र बिघडवून घेतलं.

पोट हे त्यांचं जुनं दुखणं होतं. भूक नको तेव्हा लागे आणि ताट समोर आलं की पळून जाई. आत्यानं बळंच त्यांना गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं, सोबत मी. डॉक्टर म्हणाले, "रात्री लवकर झोपत जा." आतोबांनी विचारलं, "कुटली रात? माझी रात तुमच्या दुपारी असती." डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग औषध दिलं आणि सांगितलं, सकाळ-संध्याकाळ एक एक चमचा. आतोबा दारातून परत फिरले. "डॉक्टर, सकाळ तुमची धरू का माझी?" शेवटी डॉक्टर म्हणाले की मनाला येईल तेव्हा घ्या. हा सल्ला मात्र आतोबांनी तंतोतंत पाळला, म्हणजे ते औषध एकदाही घेतलं नाही.

दिवसा माणूस झोपलेला म्हणजे घरात चोरपावलांनी वावरायचं, असं मला वाटलं होतं. पण साच्यांच्या, म्हणजे गिरणीतल्या मागांच्या, खडखडाटात उभं आयुष्य गेल्यामुळे त्यांचे कान बरेच गेले होते, आणि बोलणंही सगळं पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असं. शेजारी एक तेलुगू कुटुंब राहायचं. त्यांच्या घरात माग होता आणि त्याची खटखट चालू असली की आतोबा लहान मुलासारखे गाढ झोपत. एका दुपारी माग थांबला. आतोबा ताडकन उठले, धोतर सावरत बाहेर धावले आणि ओरडले, "काय झालं? कोण गेलं?" शेजारीण दारात येऊन म्हणाली, "एमी लेदु मामा, काही नाही, कुणी नाही गेलं. सूत संपलंय." माग पुन्हा सुरू होईपर्यंत ते ओट्यावर बसून राहिले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सूत संपल्याची बातमी देत राहिले.

अशा या माणसाचा एकच हट्ट होता, आणि त्यापुढे ते कुणाचं ऐकत नसत. माझी आतेबहीण सुमन लग्नाची झाली होती, आणि पाळीवाल्या नवऱ्याला ती द्यायची नाही म्हणजे नाही. गिरणीतली चांगली चांगली दोन स्थळं त्यांनी चहा पाजून परत पाठवली. कारण विचारलं की नुसतं "न्हाय" म्हणत. आत्या घाबरी झाली, पोरगी अशानं घरीच राहील म्हणून. तेवढ्यात मोहोळचं एक स्थळ आलं. मुलगा कचेरीत कारकून, स्वभावानं गरीब. सुमनलाही फोटो आवडला होता. तिनं तो माझ्याकडे परत दिला, पण दोनदा मागून घेऊन.

शनिवारी आतोबा रातपाळीला निघाले तेव्हा आत्यानं बजावलं, "उद्या सकाळी पाव्हणे यायचेत, ध्यानात असू द्या." आतोबा "व्हय व्हय" म्हणाले आणि गेले. रविवारी उजाडल्यावर आले, आत्या मागच्या दारी पोह्यांच्या गडबडीत होती तोवर अंथरुणावर पडले आणि घोरायला लागले. त्यांचा 'उद्या' अजून उजाडायचा होता. पाहुणे दारात आले तेव्हा आम्ही दोघींनी त्यांना गदागदा हलवून उठवलं. ते तसेच बाहेर आले. डोळे लालभडक, केस उभे, भिंतीला हात लावत. पाहुण्यांपुढे उभे राहून त्यांनी आपल्या नेहमीच्या आवाजात स्वागत केलं, "या, या! पर तुमी तर उद्या येणार हुता की!"

मुलाच्या मामांनी मुलाच्या आईकडे पाहिलं. ते काय समजले हे सांगायला नको. सुमन पोह्यांच्या बशा घेऊन आली. आतोबांचं कशाकडेच लक्ष नव्हतं. ते मुलापुढे जाऊन बसले आणि पहिलाच प्रश्न टाकला, "तुमची पाळी कुटली?"

आमच्या गल्लीत हा प्रश्न कुणीही कुणालाही विचारायचा. मोहोळात गिरणी नव्हती. मुलाच्या आईनं पदर तोंडाला लावला. मुलगा कानापर्यंत लाल झाला आणि चाचरत म्हणाला, "मला... मला पाळी नसते."

"पाळीच न्हाय!" आतोबा आनंदानं ओरडले. "अगं ऐकलंस का? ह्यास्नी पाळीच न्हाय!"

मी स्वयंपाकघरात पळाले, कारण हसू आवरेना. परत आले तेव्हा मामा बशी खाली ठेवत होते. "राग मानू नका," ते म्हणाले, "पण सकाळी सकाळी... आपण घेता का?"

सुमनच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. आतोबांना ऐकू आलं नाही, म्हणून मामांना ते पुन्हा, मोठ्यानं विचारावं लागलं. आता आतोबा भडकणार असं मला वाटलं. ते भडकले नाहीत. डोळे चोळत म्हणाले, "न्हाय ओ. रातपाळी करून आलोय. हे डोळे असेच असत्यात." मग त्यांचा आवाज इतका खाली आला की मला तो ओळखू येईना. "माझ्या लग्नात सासऱ्यानं घर इचारलं, पगार इचारला. पाळी न्हाय इचारली. ही माझी बायकू तवापासून एकटी जेवती. मी घरात असतो तवा झोपल्याला असतो. पोरीनं रोज नवऱ्यासंगं जेवावं, एवढंच हाय माझं. बाकी तुमी बघा."

आत्या उंबऱ्यात उभी होती. ती आत गेली आणि उगाचच भांडी आपटू लागली. मुलाच्या आईनं तोंडावरचा पदर खाली घेतला. ती म्हणाली, "आमच्यात सांजच्याला समदी एका पंगतीला बसत्यात. सुनाबी." मामांनी बशी पुन्हा उचलली.

लग्न झालं. नंतर एका रविवारी आम्ही तिघं मोहोळला गेलो. संध्याकाळी सगळ्यांची पानं एका ओळीत मांडली, सुमन आणि तिचा नवरा शेजारी शेजारी, आणि पलीकडे आतोबा व आत्या. आतोबा लेकीकडे बघत राहिले, मग त्यांचं लक्ष आत्याच्या ताटाकडे गेलं. भाकरी तशीच होती.

"जेवत का न्हाईस गं?"

आत्या खाली मान घालून म्हणाली, "सवय न्हाई ओ. शेजारी कुणी बसलं की घासच उतरंना."

आतोबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग आपलं ताट उचललं आणि तिला जेवता यावं म्हणून जरासे पाठमोरे होऊन बसले.